पाणी जरा कमी सोडा

“मगदूम मॅडम, पाणी जरा कमी सोडा,” प्राचार्य नाडगौडा माझ्या कानाशी लागून पुटपुटले.

माझा हात तोटीवर होता. समोर टेबलावर भली मोठी परात, आणि परातीत प्लास्टरचं अख्खं गाव. नदीकाठची घरं, ओढा, शाळा, टेकडीवरचं देऊळ, गावाबाहेरची बंद सूतगिरणी. शाळेच्या आवारात लाकडी माणसं आणि लाकडी म्हशी दाटीवाटीनं उभ्या. परातीच्या पलीकडे अभ्यासमंडळाचे अध्यक्ष डॉ. शिंगटे बशीत चहा ओतून घेत होते. गाव वाचवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर नुसतं ओसंडत होतं.

“किती कमी, सर?” मी विचारलं.

“शाळा बुडणार नाही इतपत.”

आता या भल्या माणसाला काय सांगायचं! शाळा बुडावी म्हणूनच तर आम्ही तीन वर्षं खपलो होतो.

थांबा, नीट सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, सांगलीच्या एका कॉलेजात शहाणीसुरती माणसं परातीत पाणी सोडून काय खेळत बसली होती. आमच्या वडिलांनाही अगदी हेच वाटायचं. त्यांचं भांड्यांचं दुकान. परात त्यांचीच, लग्नाच्या जेवणावळीत कणीक मळायला नेतात तसली. देताना म्हणाले, “सुनेत्रा, एवढं एम.ए. करून शेवटी भातुकलीच ना? मग दुकानात ये की. तिथली भांडी तरी खरी आहेत.”

तर ही भातुकली म्हणजे आमचा खेळ, ‘पाणी चढतंय’. गावाला पूर येणार आहे. चार जणांनी गावचे कारभारी व्हायचं आणि माणसं, जनावरं कुठं हलवायची ते मिळून ठरवायचं: शाळा, देऊळ की सूतगिरणी. प्रत्येकाच्या हातात बातम्यांची कार्डं. कार्ड दुसऱ्याला दाखवायचं नाही. तोंडानं मात्र हवं ते सांगायचं. निर्णय झाला की मी तोटी सोडणार. पाणी कुणाला कुठं गाठतं ते परातीत दिसणार, आणि मग तसंच का झालं यावर चर्चा.

यातली मेख डॉ. कालिंदी आठल्ये यांची. आठल्येबाई मानसशास्त्राच्या. माणसं विचार कसा करतात आणि मुख्य म्हणजे कसा करत नाहीत, यावर त्यांचा सगळा अभ्यास. त्यांचं म्हणणं असं, की चार माणसं निर्णयाला बसली की चौघांनाही आधीच ठाऊक असलेलं तेवढंच परत परत बोलतात. जे एकट्यालाच ठाऊक असतं, ते त्याच्या पोटातच राहतं. म्हणून आमच्या कार्डांत शाळेची स्तुती आणि देवळातली अपुरी जागा सगळ्यांच्या हातात दिलेली, आणि शाळेचा धोका आणि गिरणीचे गुण एकेकाच्याच हातात. चौघांनी आपापलं वेगळं कार्ड बोलून दाखवलं तर गिरणीच निवडली जाणार. नाही दाखवलं तर शाळा, आणि मग राम बोलो.

परात, तोटी, नीळ घातलेलं पाणी, हे सगळं लोहारसरांचं डोकं. ते खेळ घडवणारे. म्हशीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं कोरल्या होत्या. त्या इतक्या ठोकळेबाज, की बाई त्यांना सोफे म्हणायच्या.

“लोहार, तुमचे सोफे आज परत भिजले.”

“बाई, तुमची माणसं वाचत नाहीत, त्यात माझ्या म्हशींचा काय दोष?”

दिवसभर हे असं. बाईंना खेळातून मोजायला काहीतरी हवं असायचं, सरांना खेळणाऱ्याचा जीव वरखाली झालेला हवा असायचा. दोघांच्या मधे मी. बाई म्हणाल्या की बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, सर म्हणाले की ओढ्याला निळा रंग द्यायचा, आणि वर्गात खेळ झाल्यावर मुलांची चर्चा घ्यायची ती मीच.

आता हा खेळ आणि त्यामागचं मनाचं शास्त्र एकत्र शिकवणारा नवा विषय आम्ही अभ्यासमंडळापुढे ठेवला होता. आज ती मंडळी स्वतः खेळून बघायला आली होती. मंजुरी मिळाली तर जूनपासून विषय सुरू, खोली आमची, आणि मला पूर्ण वेळ काम. नाही मिळाली तर खोली जिमखान्याला. कॅरमबोर्ड आदल्या दिवशीच दाराबाहेर आणून टेकवले होते, इतकी त्यांना खात्री! मी तेव्हा तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की घर. विषय बारगळला तर माझी जागा वडिलांच्या गल्ल्यावर, हे ठरलेलंच होतं.

मला हे काम हवं होतं. किती हवं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी बाईंची मदतनीस आणि सरांची मदतनीस. मदतनिसाला काय हवंय हे कोण विचारतं, आणि न विचारता सांगायचं तरी कसं?

तर खेळ सुरू झाला. शिंगटेसाहेबांनी कुणी काही म्हणायच्या आत सरपंचाची खुर्ची घेतली. हळदणकर मॅडम ग्रामसेविका झाल्या. बारगीरसर, संख्याशास्त्राचे, अगदी हळू बोलणारे, ते पोलीस पाटील. चौथा माणूस कमी पडला म्हणून आमचे प्राचार्य दूधसंघाचे सचिव. कार्डं वाटली. मी घड्याळ लावायला वळले.

“शाळा,” मागून शिंगटेसाहेबांचा आवाज आला.

हळदणकर मॅडमचा चष्मा अजून पर्समधून बाहेर यायचा होता.

“शाळाच!” प्राचार्य म्हणाले.

“हो, शाळा मोठी आहे,” चष्मा लावून मॅडम म्हणाल्या. “संडास आहेत. गावाला जवळ आहे.”

“माझ्याकडेही तेच लिहिलंय,” प्राचार्यांना फार आनंद झाला. “मोठी आहे, जवळ आहे.”

बारगीरसरांनी कार्डं एकदा चाळली, परत चाळली. तोंड उघडलं, साहेबांकडे बघितलं आणि मिटलं.

“काय बारगीर?”

“शाळा चालेल, सर.”

“मग झालं की! हलवा माणसं. आणि चहा सांगा.”

मुलं याच खेळावर अख्खा तास भांडायची, एकमेकांच्या अंगावर जायची. इथं चहाला आधण यायच्या आत गाव हललंसुद्धा. प्राचार्य स्वतःच्या हातानं एकेक म्हैस शाळेच्या आवारात नेऊन ठेवत होते. आणि मग ते उठून माझ्याशेजारी आले आणि ते कमी पाण्याचं पुटपुटले.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, जाऊ दे, कमी सोड. लोहारसर पंख्याकडे बघत होते. इतक्या निरखून, की पंखा त्यांनीच घडवलाय असं वाटावं.

खरं सांगते, मला राग आला. आमच्या वर्गातली एक पोरगी शाळा बुडाल्यावर ढसाढसा रडली होती. तिच्या घरात खरंच पाणी शिरलेलं. तरी आम्ही तिला सगळी कार्डं परत वाचायला लावली, आणि त्या दिवशी ती जे शिकली ते आयुष्यात विसरणार नाही. तिला बुडवायचं आणि साहेबांना तेवढं वाचवायचं? मग विषय तरी कशाला मागायचा?

मी तोटी पूर्ण पिळली.

“अहो!” प्राचार्यांचं धाबं दणाणलं.

निळं पाणी नदीतून वर आलं. आधी ओढा भरला. ओढ्यावरचा रस्ता गेला, म्हणजे शाळेची वाटच तुटली. मग शाळेच्या पायऱ्या. मग आवार. लाकडी माणसं डुलायला लागली. म्हशी तरंगल्या. त्यातली एक पोहत पोहत पार परातीच्या काठाला आली आणि शिंगटेसाहेबांच्या बशीसमोर येऊन टेकली.

साहेबांनी बशी खाली ठेवली.

“हे काय?”

“पूर, सर,” मी म्हटलं.

मी रोज मुलांना सांगते तसं सांगितलं, “आता प्रत्येकानं फक्त आपल्याच हातात असलेलं कार्ड मोठ्यानं वाचायचं. कार्डाच्या कोपऱ्यात ठिपका आहे ते.”

बारगीरसरांनी अगदी खालच्या आवाजात वाचलं, “ओढ्यावरचा रस्ता सगळ्यात आधी पाण्याखाली जातो. शाळेला दुसरी वाट नाही.”

“सूतगिरणीची किल्ली मालकानं ग्रामपंचायतीत आणून दिली आहे,” हळदणकर मॅडम.

“गिरणीला माल चढवायचा उतार आहे. जनावरं चढू शकतात,” प्राचार्य वाचता वाचता थांबले. “अरेच्चा!”

राहिले साहेब. त्यांनी कार्ड हातात धरलं, दूर नेलं, जवळ आणलं.

“मागच्या पुरात गिरणीचं जोतं कोरडं राहिलं होतं,” त्यांनी वाचलं. मग कार्ड टेबलावर आपटलं. “बारगीर, तुमच्याकडे वाट तुटल्याची बातमी होती, आणि तुम्ही म्हणालात शाळा चालेल?”

“सर, तुम्ही आधीच शाळा म्हणाला होतात.”

“म्हणून काय झालं? मी काय खातोय तुम्हाला?”

बारगीरसर खुर्चीसकट जरा मागे सरकले. त्या सरकण्यातच सगळं आलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडे वळले.

“ही कार्डं तुम्ही मुद्दाम अशी वाटलीत.”

“हो, सर.”

“आम्ही हरावं म्हणून?”

“तुम्ही बोलावं म्हणून, सर,” मधेच बाई म्हणाल्या. “गावातही माहिती अशीच वाटलेली असते. कुणा एकाकडे सगळी कधीच नसते.”

“बरं!” साहेबांनी खुर्ची मागे सारली. मला वाटलं, संपलं. कॅरमबोर्ड आत येणार. पण ते गेले नाहीत. परातीभोवती एक फेरी मारून आले आणि आमच्या तिघांपुढे उभे राहिले. डोळ्यांत राग होता, पण त्यात थोडी गंमतही आलेली होती.

“हे शास्त्र आहे म्हणता ना? मग ते तुम्हालाही लागू असेल की. का फक्त अध्यक्षांनाच लागू आहे?”

“सगळ्यांनाच,” बाई म्हणाल्या.

“मग बसा. तिघंही. आमच्या खुर्च्यांवर.”

आम्ही बसलो. मंडळ उभं, आम्ही बसलेले. लोहारसरांना सरपंचाची खुर्ची मिळाली आणि ते तिच्या अगदी टोकावर टेकले.

“प्रश्न एकच,” साहेब म्हणाले. “हा विषय जूनपासून सुरू करावा का? स्तुती नको. ती आम्ही प्रस्तावात वाचलीय. बाकीच्या दोघांना ठाऊक नाही असं तुमच्यापैकी प्रत्येकाकडे काय आहे, ते बोला. काहीच नसेल तर नाही म्हणा, आम्ही जेवायला जातो.”

मी गालात हसले. आम्ही तिघं तीन वर्षं एका खोलीत. एकमेकांच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडायच्या आत ओळखायचो. आमच्यात कसली आलीय वेगळी बातमी?

लोहारसर हसले नाहीत. ते आपल्या बोटांवरचा रंग खरवडत होते.

“मला अहमदाबादला बोलावलंय,” ते म्हणाले. “शिकवायला. मेच्या अखेरीस जातोय.”

“काय?” बाई ताडकन म्हणाल्या.

“सांगणारच होतो, बाई. आजची मंजुरी मिळाली की लगेच. तुमचा उत्साह मोडायचा नव्हता. म्हटलं, तुम्ही आहात, सुनेत्रा आहे, माझ्यावाचून काय अडतंय?”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. चिडून नव्हे. त्यांना हसू येत होतं आणि ते दाबता येत नव्हतं.

“अहो लोहार, मी मुदतीआधीच निवृत्ती मागितलीय! आमचे हे रत्नागिरीला एकटे, गुडघ्यांनी जागचे हलत नाहीत. जूनच्या आधी मी चालले. म्हटलं, लोहार आहेत, सुनेत्रा आहे, माझ्यावाचून काय अडणार!”

शिंगटेसाहेब इतक्या जोरात हसले, की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. हळदणकर मॅडमनी तोंडाला पदर लावला.

“म्हणजे आम्ही आज सही केली असती,” साहेब डोळे पुसत म्हणाले, “आणि जूनमध्ये वर्गावर कोण गेलं असतं? या म्हशी?”

“सोफे,” बाई सवयीनं म्हणाल्या.

माणसं गटात बोलत का नाहीत यावर तीन वर्षं घासलेली ही दोन विद्वान माणसं! मला हसायला हवं होतं. पण हसू येईना. दोघंही जाणार. दोघांनीही मला सांगितलं नव्हतं. आणि दोघांच्या बोलण्यात मी होते, ‘सुनेत्रा आहे’ म्हणून, खोलीत टेबल आहे तशी.

“तुमचं काय, मगदूम?” साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही कुठं निघालात?”

“मी कुठंच नाही, सर.”

“वेगळी बातमी?”

समोर दोन प्राध्यापक, मंडळाची तीन माणसं, प्राचार्य. आणि मी तासिका तत्त्वावरची. एवढ्यांसमोर असलं काही म्हणायचं असतं का? वडील ऐकतील तर काय म्हणतील? बाईंना काय वाटेल, की ही माझ्या जागेवर टपलेलीच होती?

“माझ्याकडे वेगळं काही नाही, सर,” मी म्हटलं.

साहेबांनी मान हलवली. ते वळणार इतक्यात बारगीरसर पुढे आले. तो माणूस सकाळपासून जेमतेम चार वाक्यं बोलला असेल.

“मॅडम, असेल तर बोला,” ते म्हणाले. “मी मघाशी बोललो नाही. काय झालं ते तुम्ही बघितलंत. गाव गेलं माझ्यापायी.”

इतक्या साधेपणानं म्हणाले, की मला भरूनच आलं.

“मला शिकवायचाय हा विषय,” मी म्हटलं. आणि आता बोलणं सुटलं ते सुटलंच. “मदत नाही करायची. शिकवायचाय. कार्डांवरच्या निम्म्या बातम्या मी लिहिल्यात. खेळानंतरची चर्चा पहिल्यापासून मी घेते, बाई मागे बसून ऐकतात. मुलं कुठं गप्प बसतात, का बसतात, कुठं ढोसलं की बोलतात, ते मला कळतं. मला येतं हे. आणि मला दुकानात नाही बसायचं!”

शेवटचं वाक्य फार मोठ्यानं आलं.

“अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस?” बाई म्हणाल्या.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“मला वाटलं, तुला दुकान सांभाळायचंय. तुझे वडील भेटले की तेच सांगतात. म्हटलं, पोरीला अडकवून कशाला ठेवायचं!”

“मीसुद्धा तेच धरून चाललो होतो,” लोहारसर म्हणाले. “अहमदाबादला एक मदतनीस घेता येईल म्हणत होते, तरी तुझं नाव मी काढलं नाही.”

आता मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. साहेबांनी दोन्ही हात वर केले.

“थांबा, थांबा. आता सगळ्यांची कार्डं पडलीत ना? मग प्रश्न परत विचारतो. विषय सुरू करावा का? हळदणकर मॅडम, आधी तुम्ही. आणि माझ्या तोंडाकडे बघायचं नाही.”

मॅडमनी चष्मा सरळ केला. “मुलगी चांगली आहे. पण नियम आड येतो. विषयाचा प्रमुख कायम नेमणुकीचा शिक्षक लागतो. ही तासिका तत्त्वावर. बाई गेल्या, लोहार गेले, तर या कॉलेजात हा विषय कळणारा कायमचा माणूस उरतो कोण?”

झालं! इतकं तोंड उघडून परत तिथंच. नियम खराच होता, त्याला कोण काय करणार? बाई खाली बघत होत्या.

“मी आहे की,” कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून बघितलं. प्राचार्य नाडगौडा. हातात अजून एक ओली म्हैस.

“तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

“मी मूळचा तर्कशास्त्राचा, साहेब. तो विषयच बंद पडला. मग खुर्ची मिळाली. वर्गावर पाय ठेवून किती वर्षं झाली…” ते म्हशीचं पाणी रुमालानं टिपत राहिले. “प्रमुख म्हणून माझं नाव घाला. शिकवतील या. मला आठवड्यातून एक तास दिला तरी पुरे. मागे बसवलं तरी चालेल. सकाळपासून मला इतकी मजा आली, काय सांगू! फक्त बोलायची भीती वाटत होती.”

मघाशी पाणी कमी सोडा म्हणणारा हाच तो माणूस. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“बारगीर?” साहेब म्हणाले.

“मंजूर. एक वर्ष, मग फेरविचार.” बारगीरसरांनी या वेळी कुणाकडेही बघितलं नाही. “आणि विषयात थोडं संख्याशास्त्र घाला. यांची मोजदाद फार कच्ची आहे.”

“बघा!” बाई म्हणाल्या. “लोहार, मी काय सांगत होते?”

“एक वर्ष मंजूर,” साहेब म्हणाले. “मगदूम, वर्ग तुमचा.”

पुढे मी तो विषय कितीतरी वर्षं शिकवला. अजूनही शिकवते. पण त्या दिवशी आनंद असा लगेच झालाच नाही. मंडळी जेवायला निघाली, व्हरांड्यात बाई आणि सर एकमेकांना झाडत होते. “मला सांगायचं नाही? मला?” “तुम्ही तरी कुठं सांगितलंत!” आणि मी खोलीत एकटीच परातीतलं पाणी मगानं उपसत होते.

एकटी नव्हते. शिंगटेसाहेब गेलेच नव्हते. परातीपाशी उभे राहून त्यांनी काठाची ती म्हैस उचलली.

“एक विचारू?” ते म्हणाले. “आम्ही सगळे बोललो असतो, तर सगळं गाव वाचलं असतं?”

“हो, सर.”

“जनावरंसुद्धा?”

“जनावरंसुद्धा. गिरणीपर्यंत पाणी येतच नाही.”

ते खुर्चीत बसले. इतका मोठा माणूस, पण बसला तो अगदी अंग चोरून.

“आमचं गाव नदीकाठचं. मोठा पूर आला तेव्हा मी सुट्टीला घरी होतो. कॉलेजात शिकवतो म्हणून लोक माझं ऐकायचे. चावडीत सगळे जमले, आणि मी म्हटलं, शाळा. सगळे म्हणाले, शाळा. माणसं दुसऱ्या दिवशी होडीनं काढली. गुरं आवारात बांधलेली होती. दाव्यासकट गेली.” “आमच्या थोरल्या भावाची गोठ्यातली सगळी. तो त्यानंतर गोठ्याकडं फिरकलाच नाही. मला कधी एका शब्दानं बोलला नाही.”

मी हातातला मग खाली ठेवला.

“मी मनाला सांगत आलो, की कुणाला काय माहीत, पाणी तिथवर येईल म्हणून. कुणालाच ठाऊक नव्हतं, मग माझा काय दोष?” साहेबांनी हातातली म्हैस परत परातीच्या काठावर ठेवली. “आज बारगीरनं ते कार्ड वाचलं ना, तेव्हा कळलं. तिथंही कुणालातरी ठाऊक असणार, मगदूम. माझ्या भावालाच असेल. त्याचा जन्म त्या काठावर गेला. मी आधी बोललो, म्हणून तो बोलला नाही.”

बाहेरून प्राचार्यांनी हाक मारली, ताटं वाढली होती. साहेबांनी डोळ्यांवरून हात फिरवला, उठले, आणि सरपंचाची खुर्ची सोडून पलीकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

“तुमच्याकडे दुसरं गाव आहे का? वेगळ्या कार्डांचं?”

“आहे, सर. अजून कुणाला दाखवलं नाही.”

“मग लावा.” आणि त्यांनी व्हरांड्याच्या दिशेनं जोरात हाक दिली, “बारगीर! जेवण राहू द्या, इकडं या. आधी तुम्ही बोलायचं. मी शेवटी बोलणार आहे.”